दोनाविरुद्ध दोन

१

माझं डोकं लवकर फिरायचं, हे आधीच सांगून टाकते. ऑफिसात माझ्या टेबलाजवळून जाताना लोक आवाज खाली करायचे आणि मला ते आवडायचं. फुकटच्या गप्पा नकोत, वाढदिवसाचे कागदी पेले नकोत. मला माझं काम करू द्या आणि वेळेवर घरी जाऊ द्या, एवढंच माझं मागणं.

काम तसं बिनडोक. लोक आपले फोटो आणि व्हिडिओ आमच्या कंपनीच्या क्लाउडवर ठेवतात आणि विसरून जातात. आम्हाला विसरून चालत नाही. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती, तीन वेगवेगळ्या इमारतींत. एखादी इमारत जळाली तरी कुणाच्या लग्नाचा व्हिडिओ जाता कामा नये. या प्रती काढायची कामं लावायची आणि ती पुरी होईपर्यंत पडद्याकडे बघत बसायचं, याचा मला पगार मिळायचा.

प्रती एकमेकींशी जुळतात का, हे यंत्रणा स्वतःच तपासते. दोन जुळल्या आणि तिसरी वेगळी निघाली, तर तिसरी बिघडली असं समजायचं. मग त्या दोघींसारखीच नवी प्रत तिच्यावर लिहिली जाते आणि जुनी पुसली जाते. याला आम्ही दुरुस्ती म्हणतो. त्यात कुणाला विचारत नाहीत. माल एका इमारतीतून दुसरीकडे हलवायचा असला, की थोड्या वेळापुरती चौथी प्रत निघते. त्या वेळी कधीकधी दोनाविरुद्ध दोन असा पेच पडतो आणि काम अडतं. मग पडद्यावर माणसाला प्रश्न येतो: जुनी ठेवू की नवी?

आम्ही सगळे 'नवी' दाबायचो. उघडून कोण बघतंय? जुनी म्हटलं की यंत्रणा सगळं पहिल्यापासून तपासायला घेते आणि रांग तुंबते. माझ्या शेजारी पेन्शनर बसायचा. वय तिशीच्या आतलं, पण तोंडी कायम निवृत्तीनंतर काय काय करणार याच्या गप्पा, म्हणून हे नाव. त्यानेच मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, "नवी दाबायची आणि चहाला जायचं. डोकं लावलंस तर डोकंच दुखेल."

त्या दुपारीही मी दाबत सुटले होते. पाच-सहा वेळा दाबून झाल्यावर फोल्डरच्या क्रमांकाकडे लक्ष गेलं. तो क्रमांक माझा होता. आम्हाला कंपनीत जागा फुकट मिळते, त्यामुळे घरचा सगळा अल्बम मी तिथेच टाकला होता. आता घरच्या फोटोंतही भानगडी, म्हणून मी वैतागून एक उघडला.

मुलीच्या वाढदिवसाचा फोटो. स्वयंपाकघरातलं टेबल, कापलेला केक, सासूबाई, नवरा, मध्ये मुलगी. फोटो मी काढलेला, म्हणून मी त्यात नाही. जुन्या प्रतीत हे तिघं होते. नव्या प्रतीत डाव्या काठाला एक कोपर होतं. तपकिरी बाहीचं, टेबलावर टेकवलेलं. आपल्याच घरात माणूस टेकवतो तसं, निवांत.

२

घरी गेल्या गेल्या मी फोन नवऱ्यासमोर धरला. तो कपड्यांच्या घड्या घालत होता.

"हे कुणाचं कोपर?"

"ताईचं."

"कुठल्या ताईचं?"

"मला किती ताया आहेत?"

"एकही नाही," मी म्हणाले. तो हसला आणि पुढच्या टॉवेलची घडी घालायला लागला.

माझा नवरा एकुलता एक. लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनीच मला बजावलं होतं, "एकच आहे आमचा, जपून वापर." आमच्या घरात ही थट्टा इतकी जुनी की तिला कुणी हसतही नाही. म्हणून मला वाटलं, हा माझी फिरकी घेतोय. मीही म्हटलं, घे बाबा, दिवसभर घरून काम करून तुलाही करमत नसेल.

मग सासूबाईंनी चहा गाळला आणि पाच कप मांडले.

"पाचवा कुणाला, आई?"

"तुझ्या नणंदेला," त्या म्हणाल्या. "तुझं तिच्याशी पटत नाही म्हणून काय तिचा चहाही बंद करायचा?"

पाचवा कप भिंतीकडच्या खुर्चीसमोर ठेवला गेला. त्या खुर्चीवर आम्ही वर्तमानपत्रं टाकायचो. आज ती रिकामी होती आणि पुसलेली होती.

आमच्या मुलीला घरात सगळे वकील म्हणतात. नऊ वर्षांची आहे, पण झोपायच्या वेळेवरून सुद्धा मुद्दे काढून भांडते. एका हाकेला ओ दिलीय, असं कधी झालेलं नाही. तिने कप बघितला, खुर्ची बघितली.

"आजी, तिथे कुणीच नाही."

"आहे."

"मग मी बसून दाखवते," असं म्हणून ती निघाली सुद्धा. सासूबाईंनी तिचं मनगट धरलं. या बाईंनी नातीवर कधी हात उगारला नव्हता. त्या रागावल्याही नव्हत्या. नुसतं धरलं आणि सोडलं, आणि मनगटावर चार बोटं उमटली.

माझा पारा चढला. काय बोलले ते आता आठवत नाही, पण सासूबाईंना बोलू नये असं बरंच बोलले. नवरा माझ्याजवळ आला आणि अगदी हळू म्हणाला, "आवाज खाली कर. ती ऐकतेय."

तो खुर्चीकडे बघून बोलत होता. भिंतीकडे नाही, खुर्चीच्या पाठीकडे नाही. बसलेल्या माणसाचे डोळे जिथे असतात, बरोबर तिथे.

३

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी मनाशी हिशोब मांडला. सासूबाईंचं वय झालंय, विसरभोळ्या होत असतील. नवरा त्यांचं मन राखायला हो ला हो करत असेल आणि मला सांगायला लाजत असेल. आणि फोटोत काय, हल्ली कुणीही काहीही घुसडतं. सगळं नीट जुळत होतं. फक्त ते कोपर घुसडलं कुणी आणि कशाला, एवढंच जुळत नव्हतं.

माझ्या फोल्डरमधल्या अडलेल्या गोष्टींची रांग रात्रीत लांबली होती. मी एकेक उघडत गेले. सहलीच्या फोटोत झाडामागे तपकिरी पाठ. घर घेतलं त्या दिवशीच्या फोटोत दाराच्या चौकटीवर एक हात, नखं आखूड कापलेली. चेहरा कुठेच नाही. प्रत्येक फोटोत ती मुलीच्या थोडी जवळ सरकलेली.

शेवटी एक व्हिडिओ होता. वकील स्टुलावर उभी राहून सुट्ट्या का वाढवाव्यात यावर भाषण देते, हात नाचवते, आणि शेवटी स्वतःच्याच विनोदाला हसत खाली कोसळते. हा व्हिडिओ मला पाठ होता. कंटाळा आला की मी तोच लावायचे.

नवी प्रत तेवढ्याच लांबीची होती. तेच स्टूल, तोच फ्रॉक. मुलगी उभी होती, तोंड मिटून. हात अंगाला चिकटलेले. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या शेजारी बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती पापणी हलवत नव्हती. सबंध व्हिडिओत एकच आवाज. मध्येच कुणीतरी जिभेने 'च्च' केलं. नापसंतीचं. आणि व्हिडिओ काढताना फोन माझ्या हातात असूनही तो आवाज माझ्यापेक्षा फोनच्या जवळून आला होता.

मला भीती वाटली, हे कबूल करते. पण त्याहून जास्त संताप आला. माझ्या पोरीला गप्प करणारी ही कोण? मी सगळ्यांवर 'जुनी' दाबली. एकूण एक. पेन्शनर वाकून बघायला लागला.

"आज जुन्यावर एवढी मेहेरबानी?"

"घरचे फोटो आहेत."

"अगं, मग काल नवी का दाबलीस?"

"तू शिकवलंस म्हणून," मी म्हणाले. तो चहाला निघून गेला.

यंत्रणेने ऐकलं. रांग पुन्हा तपासली गेली आणि संध्याकाळपर्यंत सगळं पूर्वीसारखं झालं. कोपर गेलं, पाठ गेली. स्टुलावरची वकील हसत कोसळली. मी जिंकल्यासारखी घरी गेले आणि फोन नवऱ्याच्या नाकासमोर नाचवला.

"दाखव आता तुझी ताई."

त्याने वाढदिवसाचा फोटो बराच वेळ बघितला. तो वाद घालेल असं मला वाटलं होतं. त्याचा चेहरा पडला. त्याने मागे वळून पॅसेजकडे नजर टाकली.

"तिला काढलंस?" तो म्हणाला. "असं कशाला केलंस गं? आता ती काय करेल?"

४

पॅसेजच्या टोकाला आमची अडगळीची खोली. जुने पंखे, मुलीची पहिली सायकल, फुटक्या बॅगा. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले, तर ते सगळं जिन्यात बाहेर काढलेलं. खोलीत पलंग टाकला होता, पलंगावर ताणून चादर घातली होती. एवढं मी बघितलं तोच सासूबाईंनी दार ओढून घेतलं.

"ती पडलीय," त्या म्हणाल्या. "तुझ्यामुळे."

त्या घरात मी पुढे जे दिवस काढले, तसे वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नयेत. मी एखाद्या खोलीत शिरले की बोलणं थांबायचं. नवरा माझ्याशी बोलायचा, पण आधी पॅसेजकडे बघून. मला निरोप यायचे. ती म्हणते, तू भांडी आपटतेस. ती म्हणते, तू तिला घालवायला टपलीस. आणि दर दोन निरोपांमागे एक मुलीबद्दल. ती म्हणते, मुलीला वळण नाही. ती म्हणते, एवढं तोंड चालणाऱ्या मुलीचं पुढे कठीण होतं.

एकदा घरात कुणी नसताना मी त्या दाराला कान लावला. आत काहीच आवाज नव्हता. पंख्याचा नाही, श्वासाचा नाही. मग माझ्या कानापाशी, फळीच्या पलीकडून, काहीतरी फळीवरून हळूच उचललं गेलं. जसं काही इतका वेळ तिथेही कुणी कान लावून होतं. लाकूड तडकलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. उन्हाने तडकतं लाकूड.

वकिलाने मात्र हार मानली नव्हती. "बाबा, पुरावा दाखवा," तिचं चालू. "आत्या आहे ना, मग तिचा ब्रश दाखवा. चप्पल दाखवा. तिचं नाव सांगा." नावापाशी नवरा अडायचा आणि त्याच्या कपाळावर घाम यायचा. मला मुलीचा अभिमान वाटायचा. आम्ही दोघी एका बाजूला, ते दोघं दुसऱ्या बाजूला. दोनाविरुद्ध दोन. आमच्या कामात असं झालं की सगळं जिथल्या तिथे अडून राहतं, पुढे सरकत नाही. तेवढाच मला धीर होता.

पण एका संध्याकाळी भाजी चिरता चिरता सासूबाई म्हणाल्या, "ती म्हणते, मुलीची दुरुस्ती करावी लागेल." सहज म्हणाल्या, नळाची करावी लागेल म्हणावं तशा.

ऑफिसातला हा शब्द मी घरी कधीच काढला नव्हता. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि मैत्रिणीला फोन केला. उद्या सकाळी मुलीला घेऊन येते, काही विचारू नकोस, म्हटलं. ती ये म्हणाली. मुलीला मी यातलं काही सांगितलं नाही. तिच्या पोटात काही राहत नाही, आणि या घरात आता भिंतीला नव्हे, दाराला कान होते. उद्या सकाळपर्यंत भांडण नको, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

५

त्याच संध्याकाळी चहाला नवऱ्याने भिंतीकडची खुर्ची टेबलाशी ओढली आणि मुलीच्या खुर्चीला खेटून ठेवली. सासूबाईंनी किटली माझ्या पुढ्यात सरकवली.

"ताई विचारतेय," नवरा म्हणाला, "तुझं अजून तेच म्हणणं आहे का?"

ते दोघं माझ्याकडे बघत होते. मुलगी पाव कुरतडत होती आणि मी आता काय फटकारते, याची वाट बघत होती. माझ्या जिभेवर आलंही होतं. पण आतल्या खोलीत माझ्या पलंगाखाली भरलेली बॅग होती. एक संध्याकाळ हो म्हणून टाकू, म्हटलं. एकदा हो म्हटल्याने काय बिघडतं? रांग तुंबली की करतो तेच. डोकं न लावता दाबायचं आणि मोकळं व्हायचं.

"काही म्हणणं नाही," मी म्हणाले. मग रिकाम्या खुर्चीकडे वळले. "बसा, वन्सं. चहा घ्या."

आणि कप भरला.

नवऱ्याचे खांदे सैल पडले. सासूबाई कितीतरी दिवसांनी माझ्याकडे बघून हसल्या. मी मुलीला खूण करायला तिच्याकडे बघितलं. ती खुर्चीकडे बघत होती, मग कपाकडे, मग माझ्याकडे.

"आई," ती म्हणाली, "तू पण?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आता तिघं एका बाजूला होते. एकटी ती वेगळी होती. आणि एकट्या पडलेल्या प्रतीचं काय करतात, हे त्या टेबलावर फक्त मला माहीत होतं.

"नाही," मी ओरडले. "मी खोटं बोलले. कुणी नाहीये तिथे. वकिलाचंच बरोबर आहे, ऐकताय का तुम्ही, तिचंच बरोबर आहे." मी नवऱ्याचे खांदे धरून गदागदा हलवले. त्याने माझे हात हळूच सोडवले. "झालं आता," तो म्हणाला. "तूच हो म्हणालीस ना." त्याच्या आवाजात राग नव्हता, सुटका होती.

मी वळले तेव्हा मुलीची खुर्ची रिकामी होती. शेजारची मागे सारलेली होती. खुर्ची सरकल्याचा आवाज मला आला नव्हता.

तिच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी ते ढकललं.

दिवा लागलेला होता. माझी मुलगी पलंगाच्या कडेवर माझ्याकडे पाठ करून बसली होती, दोन्ही पंजे गुडघ्यांवर पालथे ठेवून. तिच्या पाठीवर वेणी घातली जात होती. केसांचा एक पेड दुसऱ्यावरून जायचा, ताणला जायचा, तिसरा हवेत थांबून आपली पाळी येण्याची वाट बघायचा. प्रत्येक ताणासरशी तिची मान मागे झटकली जायची. तिने एकदाही हूं की चूं केलं नाही.

"वकील," मी हाक मारली. ती हलली नाही. मग मी तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारली.

"काय, आई?" ती म्हणाली. पहिल्याच हाकेला.

"इकडे ये. ऊठ तिथून."

"आत्याचं होऊ दे."

"तिथे कुणी नाही, बाळा. तूच म्हणत होतीस. पुरावा मागत होतीस." मी दाराची चौकट धरली. "भांड ना माझ्याशी. काहीही बोल. खोटारडी म्हण मला."

वेणीने ढील दिली तेवढीच तिने मान वळवली. चेहरा तिचाच होता. हनुवटीवरची खोकेची खूण तिचीच, पावाचा कण ओठाला तसाच. त्या चेहऱ्यात मला काहीही चुकीचं सापडलं नाही. मी शोधलं. इतकी वर्षं यंत्रणेवर सोडलेलं काम मी तेव्हा केलं.

"मोठ्यांना असं बोलू नये," तिने मला समजावलं.

वेणी संपली, टोकाला गाठ बसली. पलंगाची गादी तिच्या मागे दबलेली होती, ती हळूहळू वर आली. दिव्याचा उजेड खोलीभर होता आणि पलंग व दार यांच्यामध्ये कुठेच काही नव्हतं. माझ्या कानाशी कुणीतरी जिभेने 'च्च' केलं.

मग मला उरलेला हिशोब कळला. ते तिघं आता जुळत होते. वेगळी मी एकटी होते.

पाठीमागे पॅसेजमध्ये नवरा आणि सासूबाई येऊन उभे राहिले होते. ते मला अडवत नव्हते. बाहेरचं दार उघडंच होतं, मी धावले असते तर सुटलेही असते.

माझी मुलगी पलंगावर थोडी सरकली. शेजारची चादर तिने हाताने सारखी केली आणि त्या जागेवर दोनदा थोपटलं.

"ये ना, आई," ती म्हणाली. "मी हात धरते तुझा."

तिचा तो हात थरथरत होता. तो कुणाचा होता, ते मी तपासलं नाही. मी आत गेले आणि तो धरला.